ज्याची पिशवी त्याच्या पाठीवर

मानोजीअण्णांची आणि माझी ओळख झाली, ती त्यांनी मला पिशवी विकायला नकार दिला त्या दिवशी. चिकपेटच्या एका गल्लीत, साड्यांच्या दोन दुकानांच्या मध्ये चेंगरून बसलेलं त्यांचं बॅगांचं दुकान आहे. बाहेर शाळेची दप्तरं टांगलेली, आत ट्रॉलीबॅगा एकीवर एक चढवलेल्या, आणि त्या सगळ्यांच्या मागे पांढऱ्या मिशांचा एक उंच, किडकिडीत माणूस. मी पुण्याहून बंगळूरला नोकरीला आलेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा आणि पोट सुटायला लागलेला गृहस्थ. ऑफिसातल्या मंडळींबरोबर डोंगरावर जायचं ठरलं होतं, म्हणून पाठीवरची मोठी सॅक हवी होती. मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या कन्नडात मी भाव विचारला. आकडा ऐकून माझ्या तोंडून "अरे बापरे" निघालं, तशी पलीकडून मराठी आलं.

"मराठी होय? मग सरळ बोला की. डोंगर कुठला?"

"अजून नक्की नाही."

"ओझं केवढं हाय?"

"पाण्याची बाटली, डबा, एखादं जॅकेट..."

"येवढ्याला ही पिशवी? हातरुमालात बांधून न्या." त्यांनी माझ्या हातातली सॅक काढून घेतली आणि परत खुंटीला लावली. "आधी पाठ तयार करा. मग पिशवी देतो. रविवारी या, मागडीची बस पकडायची."

गिऱ्हाइकाला हाकलून वर त्याचा रविवार मागून घेणारा दुकानदार मी पुण्यातही पाहिला नव्हता. पुण्यात पहिली निम्मी गोष्ट सर्रास होते, दुसरी कोणी करत नाही. मी गेलो, आणि पुढची कितीतरी वर्षं जात राहिलो.

अण्णांचं हे मोहिते घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि परत गेलंच नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि रागात दोन्ही. त्यांच्या मराठीत "स्वल्प थांबा", म्हणजे जरा थांबा, आणि "अष्टे", म्हणजे एवढंच, इतक्या सहजपणे येई, की काही दिवसांनी मीही आईला फोनवर "अष्टे" म्हणायला लागलो आणि तिनं माझ्या लग्नाची घाई सुरू केली. अण्णांना मात्र माझंच मराठी अशुद्ध वाटे. "तुमच्यात इंग्रजीच जास्त, पुणेकर," ते म्हणायचे. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत पाठ केलं नाही. मी त्यांचा पुणेकर.

पहिल्या रविवारी त्यांनी मला दुकानातली एक सँपलची सॅक दिली. आत काय भरलंय म्हणून उघडून पाहिलं तर कुलुपं. सूटकेसला लावायची, न खपलेली, गंज चढलेली कुलुपं. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मालाचा त्यांनी हा उपयोग शोधून काढला होता. सावनदुर्गाचा तो उघडाबोडका कातळ, डोक्यावर एप्रिलचं ऊन, आणि दर पावलाला पाठीवर खुळखुळणारी कुलुपं. वाटेत भेटणारे लोक वळून बघत होते. बंगळूरची शहाणी माणसं पहाटे अंधारात डोंगर चढतात, सूर्योदय आणि ढग बघतात आणि न्याहारीला खाली येतात. अण्णा ती मंडळी उतरायला लागली की चढायला सुरुवात करायचे. "ढग बघायला डोंगर कशाला? घराच्या गच्चीवरून दिसतात," असं त्यांचं म्हणणं. त्यांना ऊन पाहिजे असे. पावसात सगळ्याच पिशव्या सारख्या दिसतात, पण उन्हात दोरा सुकतो, फोम कडक होतो आणि पट्टा खरा कसा आहे ते कळतं, हे त्यांनी मला पहिल्या चढावरच सांगितलं. मला त्या वेळी पट्ट्याची नाही, जिवाची काळजी होती.

डोंगरावर जाऊन माणसं देखावा बघतात. अण्णा पिशव्या बघत. पुढे चालणाऱ्याच्या पाठीकडे त्यांची नजर खिळलेली असे आणि तोंडानं निकाल चालू असत. "ही आषाढ बघणार नाय." "हिची चेन उलटी लावली हाय." "हा माणूस चांगला, पिशवी वाईट." कधीकधी न राहवून ते हातही लावत. मकळीदुर्गाच्या वाटेवर एकदा एक तरुण मुलगा महागडी परदेशी सॅक घेऊन आमच्या पुढे चालला होता. तिच्या खांद्याच्या पट्ट्याजवळ शिवण जरा उसवलेली. अण्णांनी मागून हळूच त्या फटीत बोट घातलं. मुलगा गर्रकन वळला आणि त्यांचं मनगट धरून "कळ्ळा, कळ्ळा" असं ओरडला. कळ्ळा म्हणजे चोर, हे माझ्या लक्षात यायच्या आत पाच-सहा जण जमा झाले.

"कळ्ळा नाय हो मी," अण्णा शांतपणे कन्नडात म्हणाले, "शिंपी समजा. बसा त्या दगडावर."

आणि खिशातून दाभण आणि मेण लावलेला दोरा काढून त्यांनी तिथेच भर उन्हात तो पट्टा शिवून दिला. शिवण अशी, की उरलेली सॅक फाटली असती पण तो पट्टा सुटला नसता. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा मात्र रडवेला झाला होता. त्या सॅकला म्हणे आयुष्यभराची गॅरंटी होती, कंपनी नवी देणार होती, आणि अट एकच होती की बाहेर कुठे शिवून घ्यायची नाही. अण्णांनी ते ऐकून घेतलं. "आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य, पिशवीचं का माणसाचं, ते विचारायला पायजे होतं," असं ते बऱ्याच वेळानं म्हणाले. पुढच्या रविवारपासून ते बोट घालायच्या आधी गॅरंटी विचारायला लागले.

देवरायनदुर्गाच्या माकडाची गोष्ट तर चिकपेटभर झालेली आहे. तिथली माकडं पिशव्या पळवतात, म्हणून अण्णांनी स्वतः एक सॅक बेतली होती. चेनीवर झडप, झडपेवर बक्कल, बक्कल दाबल्याशिवाय झडप उघडत नाही आणि झडप उघडल्याशिवाय चेन दिसत नाही. हे सगळं ते मला पायऱ्यांवर उभं राहून हौसेनं समजावून सांगत होते. एक कान फाटलेलं थोराड माकड कठड्यावर बसून तेही ऐकत होतं. अण्णांनी सॅक खाली ठेवली आणि म्हणाले, "आता बघा, प्रयत्न करू दे त्याला." माकड आलं, त्यानं बक्कल दाबलं, झडप उचलली, चेन ओढली आणि आमचं चित्रान्न, म्हणजे डब्यातला लिंबाचा भात, घेऊन झाडावर गेलं. घाई नाही की गडबड नाही.

दुसरा कोणी असता तर दगड उचलला असता. अण्णा खाली बसून त्या बक्कलाकडे बघत राहिले. "कुठल्या बोटानं दाबलं, पाहिलंत का तुम्ही?" त्यांनी मला विचारलं. मी पाहिलं नव्हतं. मी वर माझ्या वाटणीचा भात खाल्ला जाताना बघत होतो. मग आम्ही तिथे पुन्हा गेलो, आणखी पुन्हा गेलो, दर वेळी नवं बक्कल आणि नवं चित्रान्न घेऊन. त्या माकडाला अण्णा इन्स्पेक्टर म्हणत. शेवटी एक बक्कल असं जमलं की इन्स्पेक्टरानं बराच वेळ खटपट केली, दातानं चावून पाहिलं आणि शेवटी रागानं अख्खी सॅकच दरीत ढकलून दिली. अण्णा आनंदानं लालबुंद झाले. तिथून पुढे तसली सॅक विकताना ते गिऱ्हाइकाला सांगत, "इन्स्पेक्शन झालेली हाय." कुणाकडून ते सांगत नसत. हे बक्कल माणसालाही उघडत नाही अशी तक्रार घेऊन काही लोक परत आले, ती गोष्ट वेगळी.

आता त्यांच्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. नियम एकच होता. ज्याची पिशवी त्याच्या पाठीवर. आपलं ओझं दुसऱ्याला द्यायचं नाही, माणसाला नाही आणि जनावरालाही नाही. यामागे मोठं तत्त्वज्ञान असेल अशी माझी समजूत होती, ते दुकानदारीचं शहाणपण निघालं. "पट्टा कुठं कापतो ते वाहणाऱ्यालाच कळतंय. तुम्ही पिशवी दुसऱ्याच्या पाठीवर दिली की मग ते सुम्ने सामान झालं," ते म्हणायचे. सुम्ने म्हणजे उगीच, काही अर्थ नसलेलं. एकदा चढावर मी बुटाची नाडी बांधायला सॅक शेजारून चढणाऱ्या एकाच्या हातात दिली आणि तो बिचारा बोलता बोलता ती घेऊन दहा पावलं पुढे गेला. अण्णांनी मला ती दहा पावलं खाली पाठवलं आणि सॅकसकट परत चढायला लावलं. मी चिडलो. मोजणी कोण ठेवतंय, असं मी विचारलंही. "मी ठेवतो की," ते म्हणाले, आणि खरोखरच रस्ता अडवून उभे राहिले.

असा हा माणूस पासष्टीच्या आसपास आला तेव्हा त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी डोंगर बंद करायला सांगितलं. अण्णांनी दुकानात येऊन मला जे सांगितलं ते वेगळंच होतं. "डॉक्टर म्हणाले, एक मोठा करा, मग बंद." सरोजाक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिथेच अस्तराचं कापड मोजत बसल्या होत्या. "असलं कायपण बोलले नाहीत डॉक्टर. मी होते की तिथं," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मोठा म्हणजे लडाख. अण्णांच्या डोक्यात तो फार वर्षांपासून होता. जिथे पाऊस पडत नाही, झाड नाही, सावली नाही, नुसते उघडे डोंगर आणि ऊन, तिथे स्वतः बेतलेली पिशवी स्वतःच्या पाठीवर घेऊन एक मोठी खिंड ओलांडायची. त्यांनी ते मला एकदा अगदी साध्या शब्दांत सांगितलं. "पुणेकर, आजोबांनी होल्डॉल शिवले, वडलांनी ट्रंका विकल्या. दोघंबी स्वतः कुठं गेले नाहीत. लोकांना पिशव्या देऊन पाठवत राहिले. मला एक खिंड पायजे. ओझ्यासकट. ती झाली की बसतो गल्ल्यावर." त्यांचा आवाज जरा बदलला होता, आणि मला एकदम जाणवलं की हे चेष्टेतलं नाही. मी रजा टाकली.

खरी गंमत म्हणजे सरोजाक्काही निघाल्या. जन्मात कधी टेकडी चढल्या नव्हत्या. अण्णांचे रविवार त्यांनी नवऱ्याचा एखादा जुना खोकला सहन करावा तसे सहन केले होते. "गुडघ्याला तेल कोण लावणार?" एवढंच कारण त्यांनी दिलं. साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल आणि पायात मुलीनं घेऊन दिलेले गुलाबी बूट, अशा वेषात त्या लेहच्या विमानतळावर उतरल्या.

तिथे हवा विरळ, म्हणून काही दिवस नुसतं बसून काढायचे असतात. अण्णांनी ते बाजारातल्या बॅगांच्या दुकानांत काढले. मग नोर्बू नावाचा एक लडाखी खेचरवाला आमच्याबरोबर आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा आणि थोडं हिंदी येणारा. अण्णांना तो मेमे-ले म्हणे, म्हणजे आजोबा. अण्णांना आधी ते आवडलं नाही, मग आवडलं. पहिल्याच सकाळी सरोजाक्कांनी आपलं सगळं सामान खेचराच्या पाठीवर चढवायला दिलं. वर त्याच्या मानेवरून हात फिरवून कन्नडात त्याची विचारपूस केली.

"सरोजा, तुझी पिशवी तुझ्या पाठीवर," अण्णा म्हणाले.

"ते तुमचं. मला कुठं दुकान चालवायचंय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या सॅकचे पट्टे घट्ट करण्यात गुंतलो असल्याचं दाखवलं. त्या दिवशी ते अक्कांशी फक्त पाण्यापुरतं बोलले.

ते चालणं मी विसरणार नाही. डोंगर तपकिरी, मग जांभळे, मग राखाडी, आणि कुठेही गवताचं पातं नाही. दुपारी वारा धूळ उडवी आणि घसा कोरडा पडे. मध्येच एखादा ओढा आणि त्याच्या काठानं एवढंसं हिरवं गाव, सातूची शेतं, जर्दाळूची झाडं. संध्याकाळी गावातल्या कुणाच्या तरी घरी मुक्काम, खारट चहा. सरोजाक्कांना तो चहा आवडला. "सार समजून प्यायचं," त्या म्हणाल्या. चालताना त्यांची पावलं एवढी लहान असत की त्या पुढे सरकतायत असं वाटतच नसे. तोंडातल्या तोंडात जप चाललेला. पण त्या थांबतही नसत. आम्ही धापा टाकत बसलो की मागून येत, आमच्याकडे बघत आणि पुढे जात. अण्णांची चाल मात्र रोज थोडी मंदावत होती. गुडघा सुजला होता. रात्री तेल लागत होतं आणि सकाळी ते कुणाला कळू न देता पिशवी चढवत होते. मला कळत होतं. मी बोललो नाही, कारण बोलून उपयोग नव्हता.

खिंडीच्या दिवशी आम्ही लवकर निघायला हवं होतं. पण नोर्बूच्या खेचराच्या पाठीवरच्या खुर्जीची, म्हणजे सामानाच्या दुहेरी पिशवीची, शिवण उसवलेली अण्णांना दिसली. थंडीनं बोटं वळत नव्हती, तरी त्यांनी बसून ती सगळी शिवली. नोर्बू खुर्जीकडे आणि आभाळाकडे आळीपाळीनं बघत राहिला. आम्ही चढाला लागलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

तो चढ नागमोडी आहे, भुसभुशीत दगडाचा, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. खिंडीवरच्या पताका खालून दिसतात आणि तास गेला तरी तेवढ्याच दूर राहतात. सरोजाक्का त्यांच्या मुंगीच्या पावलांनी पुढे गेल्या, नोर्बू आणि खेचर त्यांच्याबरोबर. मी अण्णांच्या मागे राहिलो. ते आधी वळणावर थांबत होते, मग वळणांच्या मध्येही थांबायला लागले, आणि मग एका दगडावर बसले. पिशवी काढली नाही. काढली तर परत उचलता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"अण्णा, द्या माझ्याकडे थोडा वेळ," मी म्हणालो.

"पुणेकर, तुमची पिशवी तुमच्या पाठीवर हाय नव्हे? मग पुरे."

नोर्बू खाली उतरून आला. "मेमे-ले, सामान खच्चर पे. हवा आ रहा है," तो म्हणाला. पलीकडच्या शिखरावर खरोखरच करडे ढग जमायला लागले होते. आता एकतर वर जायचं, नाहीतर खाली. इथे बसून राहायचं नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. अण्णांनी मान हलवली. त्यांच्या ओठांचा रंग उतरला होता.

"मग मी खाली जातो," ते मला म्हणाले. "पिशवी घेऊन जातो. तुम्ही सरोजाला सोबत करा. वर फोटो काढा तिचा."

मला त्यांचा भयंकर राग आला. पताका दिसत होत्या. दोन-तीन वळणं राहिली होती. इतक्या वर्षांची हौस, दोन पिढ्यांचं राहिलेलं चालणं, आणि हा माणूस एका पट्ट्यासाठी तिथून परत फिरायला निघाला होता. मी तसं बोललोही, बरंच बोललो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यामुळे असेल असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं, पण ते वाऱ्यामुळे नव्हतं.

तेवढ्यात वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. सरोजाक्का खाली येत होत्या. गुलाबी बूट, डोक्यावरून घट्ट बांधलेली शाल. त्या वर पोचल्या होत्या आणि आम्ही दिसेना म्हणून परत उतरल्या होत्या. मी काही सांगायच्या आत त्यांनी सगळं बघून घेतलं.

"काय झालं?"

"मी खाली जातो," अण्णा म्हणाले. "तू जाऊन ये."

"मी जाऊन आले. कुणाची हाय ही पिशवी?"

"कुणाची म्हणजे?"

"बिल केलंय का हिचं?"

अण्णांना प्रश्नाचा रोख कळेना. "बिल कशाचं? सँपल हाय. दुकानची."

"सरी, बरं. आणि दुकान कुणाच्या नावावर हाय?"

मला ते तिथेच, त्या चढावर पहिल्यांदा कळलं. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा हिशेबनिसाच्या सल्ल्यानं अण्णांनी दुकान बायकोच्या नावावर केलं होतं, आणि त्यानंतर ती गोष्ट घरात दोघांपैकी कुणी काढली नव्हती. पाटीवर मोहिते होतं, गल्ल्यावर अण्णा होते, कागदावर सरोजाक्का होत्या.

"तुझ्या नावावर," ते अखेर म्हणाले.

"मग ज्याची पिशवी त्याच्या पाठीवर. काढा."

नोर्बूला यातलं काही कळलं नव्हतं, पण कुणीतरी हरलंय हे त्यानं ओळखलं आणि तो जरा बाजूला सरकला. अण्णांनी एकदा पताकांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं. मग छातीवरचं बक्कल दाबलं. ते लवकर निघेना. इन्स्पेक्शन झालेलं बक्कल होतं. शेवटी निघालं, आणि पट्टे त्यांच्या खांद्यांवरून घसरले.

सरोजाक्कांनी ते धूड पाठीवर घेतलं. साडीवर, शालीवर. मी पुढे झालो तर त्यांनी मला नजरेनंच थांबवलं. "कमरेचा पट्टा आवळ," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "ओझं कमरेवर घ्यायचं, खांद्यावर नाय." त्यांनी बसल्या जागेवरून हात लांबवून तो पट्टा स्वतः आवळून दिला, ढिला केला, परत आवळला. दुकानात गिऱ्हाइकाला पिशवी चढवून दाखवताना करतात तसंच.

"कुठं कापतंय?" त्यांनी विचारलं.

"डाव्या खांद्याला. सगळ्याच पिशव्यांत कापतंय तुमच्या. चाला आता."

मी त्यानंतर अण्णांना कितीदा तरी भेटलो आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते गल्ल्यावर बसतात, माझ्या मुलीच्या दप्तरात बोट घालून शिवण बघतात. पण त्यांचं नाव निघालं की मला ते त्या चढावरचे दिसतात. नोर्बूनं मला पुढे घातलं होतं, म्हणून मी वरच्या वळणावर पोचून मागे वळून पाहिलं. सरोजाक्का पुढे, एकेक इंच सरकत. त्यांच्या मागे अण्णा. पाठीवर काही नसलेले अण्णा मी कधी पाहिले नव्हते. हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. आधी त्यांनी ते मागे बांधले, मग कमरेवर ठेवले, मग पिशवीच्या पट्ट्याचं एक मोकळं टोक वाऱ्यानं फडफडत होतं ते हातात धरलं आणि तसेच चालू लागले.

सरोजाक्का मागे न बघता म्हणाल्या, "वढू नका."

"वढत नाय," अण्णा म्हणाले. "धरलंय अष्टे."